विश्वंभराची ताठ तार

धाकट्याची गोष्ट थोरल्यानंच सांगावी, दुसऱ्याला ती बराबर जमत न्हाई. ही सांगणारा विश्वंभराचा सख्खा थोरला भाऊ हाय, सातवी पास, त्यामुळं कौतुकाचे चार शब्द जास्ती पडले तर पडू द्या. जवळा बाजार गावात या घराबद्दल कुणाला इचारायची गरज पडत न्हाई. लोक आपणहूनच सांगतात.

विश्वंभर विजेच्या कंपनीत लाईनमन. आपण ओसरीवरून घरात जावं तसा तो सिमेंटच्या खांबावर जायचा. चढताना खाली बघणार न्हाई, वर बघणार न्हाई, तोंडात सुपारी तशीच. आन त्यानं ओढलेल्या तारेला झोळ नसायचा. झोळ म्हंजी दोन खांबांच्या मधी तार पोट सोडल्यागत खाली येते, ते. तो जास्ती झाला की वाऱ्यात तारा एकमेकीला लागतात, ठिणग्या पडतात, खाली कुणाची कडब्याची गंजी असली तर राख. म्हणून लाईनमन लोकात ढिली तार म्हंजी भरल्या पंगतीत धोतर सुटणं. विश्वंभराचं कधी सुटलं न्हाई.

थोरला तर घरी पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी औंढ्याच्या रोडला न्यायचा आन मान वर करायला लावायचा.

"बघा. गवंड्यानं सूत धरल्यागत. कुणी ओढली?"

"कुणी?"

"आमच्या विशानं. आख्ख्या जिल्ह्यात दाखवा अशी."

पाहुणा म्हणायचा, व्हय, सरळ हाय. मग त्याला चहा मिळायचा.

विश्वंभराचा जोडीदार होता ग्यानोबा. नरसी नामदेवचा, पण बायको कमलबाईला घेऊन इकडंच राहायला आलेला. लाईनीच्या कामाला दोघं लागतात. एक वर, एक खाली. खालच्याच्या हातात दोर असतो, त्या दोरानं पक्कड, पाना, तार बांधायच्या चिनीमातीच्या चिमण्या वर जातात. वरचा दिसत असतो, पण खालचा त्याला डोळ्यानं बघत न्हाई, दोरानं बघतो. वरचा सरकला की दोर हलतो. दमला की दोर थांबतो. विश्वंभर आन ग्यानोबा असे आलटून पालटून वर-खाली करायचे, आन ग्यानोबा वरून सारखा बडबडायचा. कुणाच्या घरावर नवा पत्रा पडला, कुणाची सून कडक हाय, सगळं वरून दिसतं म्हणायचा.

लग्नसराईचे दिवस होते. मंगल कार्यालयापाशी तार तुटली. सबस्टेशनातून परमिट घेतलं. परमिट म्हंजी लाईन बंद केली, आता हात लावा, असा तिथल्या ऑपरेटरचा शब्द. तो शब्द मिळाला तरी वर गेल्यावर आधी तारांवर साखळी टाकायची असते. साखळीचं दुसरं टोक जमिनीत. चुकून कुठून करंट आला तर तो साखळीनं जमिनीत जातो, माणसात न्हाई.

साखळी गाडीच्या डिकीत होती. विश्वंभर आणायला वळला.

"राहू दे रे," ग्यानोबा वरून म्हणला. "परमिट हाय की. वऱ्हाडी जेवून उठायच्या आत लाईट देऊ."

तेवढ्यात कार्यालयात कुणीतरी जनरेटर सुरू केला, आन मेन स्विच पाडायचा राहिला. करंट उलटा तारांत आला.

विश्वंभराच्या हातातला दोर हलका झाला. आवाज न्हाई, ओरडणं न्हाई. दोर हलका झाला आन वेटोळं करत त्याच्या पायापाशी पडला. ग्यानोबा बेल्टात तसाच वर राहिला.

विश्वंभर रडला न्हाई. मातीला गेला, तेराव्याला जेवला, दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर गेला. लोक म्हणले, घट्ट माणूस हाय. थोरल्यानंबी छाती फुगवून सांगितलं, आमच्या घरची माणसं अशीच. मग एके दिवशी विश्वंभराची बायको आशाबाई थोरल्याच्या घरी आली आन दारातच उभी राहिली.

"भाऊजी, जरा येऊन बघता का? हे रोज बाजेची दोरी आवळून राहिलेत."

"मग? ढिली झाली असंल."

"कुठची ढिली! पाठ टाकली की ढोलकीगत वाजते. काल वाळत घालायची दोरी आवळता आवळता तुटली. कपडे सगळे मातीत. मी म्हणलं, अहो काहून? तर म्हणतेत, लोंबत होती."

थोरला गेला. विश्वंभर अंगणात बसून दावणीच्या कासऱ्याला पीळ देत होता. बैल विकून किती दिवस झालेले.

"विशा, काय होऊन राहिलं तुला?"

"कुठं काय?"

"तकलीफ असंल तर सांग."

"न्हाई."

दुखत न्हाई, झोप येते, भूक लागते, असं म्हणायचा, आन ते खरं होतं. जिभेला भूल दिल्यावर कसं, जीभ जागेवर असते पण आपली वाटत न्हाई, तसा तो घरात होता. फक्त खांबावर जाणं बंद झालं. खांबाच्या बुडाशी जायचा, खांद्यावर साखळी, आन उभा राहायचा. हात वर जायचेच न्हाईत. भ्या वाटतं का, इचारलं तर न्हाई म्हणायचा. साहेबानं समजून घेतलं, त्याला मीटर बघायला लावलं. पण लाईनीला माणसं कमी, असं किती दिवस चालणार.

त्याच सालात काचेची तार आली.

साहेबानं सगळ्यांना सबस्टेशनात बोलावलं. तरणा साहेब, पण बोलायला गोड. म्हणला, "आता वीज विकायचा धंदा एकट्या आपल्या कंपनीचा राहणार नाही. आज ना उद्या सरकार बाजार मोकळा करणार. खाजगी कंपन्या येणार, चांगली गिऱ्हाइकं उचलणार. ते यायच्या आधी आपल्याला दुसरा धंदा उभा करायचाय. खांब आपले आहेत, गावोगाव गेलेत. विजेच्या मोठ्या टॉवरच्या डोक्यावर फायबरची तार आधीच पडली. आता या खांबांवरून पण ओढायची. इंटरनेट, बँका, दवाखाने, मोबाईलचे टॉवर, सगळ्यांना भाड्यानं देता येईल."

मागून एक जण म्हणला, "म्हंजी साहेब, भावकी वाटणी मागायच्या आत विहीर आपल्या हिश्श्यात पाडून घ्यायची."

सगळे हसले. साहेब बी हसला. "बरोबर बोललास. तसंच समज."

विश्वंभर हसला न्हाई. त्यानं हात वर केला. कित्येक महिन्यांत त्यानं कुणाला काही इचारलं न्हवतं.

"साहेब, तिच्यात करंट असतो का?"

"नाही. आत केसाएवढी काच असते. काचेतून उजेड पळतो."

"तुटली तर?"

"तुटली तर इंटरनेट बंद."

"माणूस मरत न्हाई?"

साहेबाला ग्यानोबाचं ठाऊक होतं.

"नाही," साहेब म्हणला.

"मग माझं नाव घ्या."

साहेबानं घेतलं, पण साफ सांगितलं. "फायबरची वेगळी गँग होणार आहे, विश्वंभर. त्या गँगला लाईनला हात लावायचं काम नाही. पण सगळ्यांना नाही ठेवता येणार. काम चांगलं दिसलं तर कायम तिथं. नाही जमलं तर परत लाईनवर, मग मी काही करू शकणार नाही."

विश्वंभरानं घरी येऊन सांगितलं ते इतकंच, की करंट नसलेली तार हाय. आशाबाईनं देवापाशी साखर ठेवली. थोरल्यानं बाजारात सांगितलं, आमचा विशा आता इंटरनेटवर गेला.

तार ओढायचं काम ठेकेदाराच्या माणसांनी केलं. बोटाएवढी काळी वायर, करंटच्या तारांच्या बरीच खाली. शिडी लावली की हात पोचतो, वर जायचं काम न्हाई. ठेकेदाराची माणसं परप्रांतातली, घाई करणारी. कुठं कुठं त्यांनी खांबाला वायरीचं भलंमोठं वेटोळं टांगून ठेवलं. जसा आपण कासरा गुंडाळून खुंटीला टांगतो, तसं. शिकवायला जो माणूस आला होता तो हिंदीत भडाभडा बोलून गेला. वेटोळ्याचं तो काही बोलला बी असंल, पण सबस्टेशनातल्या सगळ्या लाईनमन लोकांचं त्या बाबतीत एकमत होतं.

"उरलेली वायर तोडायचा कंटाळा. दिली टांगून."

"आपली पोरं असती तर गालफाडात बसली असती."

थोरलाबी रोडनं जाता-येता बघायचा आन त्याच्या जिवाला लागायचं. म्हणला, "विशा, लोकं काय म्हणतील? तुझ्या रोडला ही बांडगुळं?"

आन विश्वंभराला तर ते बघवतच न्हवतं. वारा सुटला की वेटोळी खांबाला थापड्या मारायची. तो शिडी घेऊन निघाला. एकेका खांबाची पकड सैल करायची, वेटोळं सोडायचं, ढील बाजाराकडच्या खांबाकडं सरकवायची, पकड आवळायची. सगळी ढील अशी जवळा बाजारच्या टोकाला आणली आन तिथं जादाची वायर तोडून टाकली. त्या टोकाला अजून काही जोडलेलं न्हवतं. तोडलेली वायर भंगारात जायची ती थोरल्यानं मागून घेतली आन गोठ्याच्या कुडाला आवळली, चांगल्या निरगाठी मारून. चिवट वायर. वळूनं धडक दिली तरी कूड हलत न्हाई.

बाजाराकडून सुरू केलेलं काम मंगल कार्यालयापाशी आलं आन थांबलं. तिथं ग्यानोबाचा खांब. त्यावर बी एक वेटोळं होतं, सगळ्यात मोठं. विश्वंभरानं शिडी लावली. मग शिडी काढली, खांद्यावर घेतली आन घरी आला. तिथून पुढची वेटोळी तशीच राहिली. पुढचं नंतर बघू, म्हणला.

पण बाजारापासून कार्यालयापर्यंत काय दिसायची ती लाईन! पाहुण्यांना परत चहाच्या आधी रोडला जावं लागायला लागलं.

मग हिंगोलीवरून प्रियंका आली. फायबर जोडायचं काम तिच्याकडं, बॅगेत मशीन. काचेची दोन टोकं त्या मशीनमधी ठेवायची, ते मशीन त्यांना वितळवून एक करतं. बाजारच्या टोकाची पेटी तिनं जोडली. तिनं मान वर करून लाईन बघितली न्हाई, खालीच काम होतं. बँकेत, दवाखान्यात, शाळेत इंटरनेट सुरू झालं. साहेबानं विश्वंभराच्या पाठीवर हात ठेवला. वरचे साहेब लाईन बघायला येणार होते, त्यानंतर गँग पक्की होणार.

ते यायच्या आधी बाजारचा दिवस आला.

कापसाचा हंगाम होता. पुनमचंद शेठच्या जिनिंगकडं निघालेला ट्रक, वर कापूस इतका भरलेला की ट्रक दिसत न्हवता, नुसता कापूस चाललाय असं वाटायचं. रोडच्या आडव्या गेलेल्या काळ्या वायरीत कापसावरची जाळी अडकली. ढिली असती तर उचलली गेली असती, घसरून निघाली असती. ही ताठ. सुतळीगत तटकन तुटली, आन तुटताना खांबाजवळ बी चेंगरून गेली.

बँकेच्या दारात गर्दी जमली. साहेब आला, प्रियंका आली. विश्वंभर खांबाखाली उभा होता, हात पाठीमागं.

प्रियंकानं दोन्ही टोकं बघितली. "काका, खराब झालेला तुकडा कापावा लागेल. कापल्यावर ही दोन टोकं एकमेकांना पोचणारच नाहीत. लूपमधली वायर घेऊ. लूप कुठंय?"

"काय?"

"लूप. खांबावर वेटोळं असतं ना? तुटली की त्यातली वायर सोडायची, म्हणून तर ठेवतात."

विश्वंभर तिच्याकडं बघत राहिला.

"ती काढली," तो म्हणला.

"काढली म्हणजे?"

"ओढून घेतली. जादाची तोडली."

प्रियंकानं वर बघितलं. खांबामागून खांब, सरळ, ताठ, बाजारापासून नजर पोचेल तिथवर. साहेब बोलला.

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"कुणी न्हाई."

"तोडलेली वायर आहे का कुठं? तीच मधे जोडू."

आता थोरल्याला पुढं व्हावं लागलं. गोठ्याच्या कुडाला हाय, पक्की हाय, एक गाठ ढिली पडली न्हाई, असं त्यानं सांगितलं.

"गाठी मारल्या?" प्रियंकानं कपाळाला हात लावला. "मामा, आत काच आहे. गाठ मारली की काच तुटते."

"मंग वरून तर चांगली दिसते की."

"वरून तर ही पण चांगलीच दिसत होती," साहेब म्हणला. मग विश्वंभराकडं वळला. चिडला होता, पण आवाज खालीच होता. "वायरीचा नवा ड्रम नांदेडहून यायला वेळ लागेल. तोवर वरचे साहेब येऊन जातील. मी तुला सांगितलं होतं, विश्वंभर. माझ्या हातात आता काही नाही. उद्यापासून लाईनवर ये."

विश्वंभरानं मान हलवली. बरं. जसं कुणी म्हणावं, येताना मीठ आण. त्याच्या तोंडाकडं बघून कुणाला कळलं नसतं की काय गेलं. थोरल्याला कळलं. उद्या परत खांबाच्या बुडाशी उभं राहायचं, खांद्यावर साखळी, आन वर करंटची तार. थोरला बाजारात कुणाच्या बापाला भीत न्हाई, पण त्या घडीला तो साहेबाच्या पुढनं दोन पावलं मागं सरला.

मग विश्वंभर आपणहून म्हणला, "एक वेटोळं हाय."

"कुठं?"

त्यानं बोट दाखवलं न्हाई. नुसतं कार्यालयाच्या दिशेला बघितलं. सबस्टेशनची माणसं समजली.

"तिथून इथवर येईल ना वायर?" प्रियंकानं इचारलं.

"मधल्या खांबांच्या पकडी सैल केल्या तर येईल. मोठं हाय."

साहेब म्हणला, "दुसऱ्याला चढवतो. तू राहू दे."

"न्हाई साहेब. म्या ओढलीय. म्याच सोडतो."

वेटोळं त्या खांबावर बरंच वर टांगलेलं होतं, कार्यालयाच्या कमानीच्या वर, करंटच्या तारांच्या जवळ. नुसत्या शिडीनं भागणार न्हवतं. साहेबानं परमिट घेतलं. बाकीची माणसं मधल्या खांबांवर शिड्या घेऊन पांगली. खाली दोर धरायला कुणी राहिलं न्हाई.

"दादा, तू धर," विश्वंभर म्हणला.

थोरल्यानं धोतराचा सोगा खोचला. "दे. या हातातून बैल सुटला न्हाई कधी."

बाजारात बातमी पोचली होती. कमलबाई मिरच्या विकायला बसलेली, ती पाटी तशीच टाकून आली. रोडच्या पलीकडं उभी राहिली. ग्यानोबा गेल्यापासून ती या कार्यालयाकडून कधी आली न्हवती, मागच्या वाटेनं जायची. पदर दातात धरलेला. विश्वंभरानं तिला बघितलं. बेल्ट बांधत होता, बांधत राहिला.

"भाऊजी," तिनं पलीकडूनच इचारलं, "साखळी घेतली का?"

"घेतली, वैनी."

"आधी टाका. मंग बाकीचं."

"व्हय."

तो चढला. पुढचं सगळं त्यानं थोरल्याला मागून सांगितलं, ते बी एकेक शब्द ओढून काढावा लागला. हात वर गेले, म्हणला. का गेले ते ठाऊक न्हाई. मेलेल्या माणसाचं घर असावं आन आपल्याला आतून डबा आणायचा असावा, तसं. वर पोचल्यावर त्यानं आधी साखळी टाकली. ती तारांवर खळखळली, दुसरं टोक बुडातल्या सळईला आधीच लावलेलं. काही झालं न्हाई. ठिणगी न्हाई, आवाज न्हाई. लाईन मेलेलीच होती. त्यानं खाली कमलबाईकडं बघितलं. तिनं मान हलवली आन ती तिथंच खाली बसली, मातीत.

वरून गाव दिसत होतं. कापसाच्या गाड्या, बाजारातली रंगीत पालं, कार्यालयाचं पत्र्याचं छत. छतावर कुणाची तरी चप्पल पडलेली, कधीची कोण जाणे. ग्यानोबानं हे सगळं बघितलं असंल, आन त्या चपलेवरून काहीतरी बोलला बी असता. विश्वंभराला वाटलं आता काहीतरी होईल आपल्याला. झालं न्हाई. त्यानं पाना काढला आन वेटोळ्याची पकड सोडवायला लागला.

वेटोळं जड. ते एकदम सोडलं तर खाली आपटून काच फुटेल. दोराला बांधून हळूहळू उतरवायचं आन तसतशी वायर पुढच्या खांबाकडं जाऊ द्यायची. त्यानं दोर बांधला. खाली थोरल्यानं दोर असा ओढून धरला होता की अंगठ्याची कातडी निघाली.

"दादा, ढिला सोड."

थोरल्यानं सोडला न्हाई.

"दादा. ढिला सोड."

"पडशील!"

"म्या बेल्टात हाय. ढिला सोडल्याबिगर वेटोळं उतरत न्हाई."

"अरे पण..."

"सोड, दादा."

कधी न्हाई ती पाळी आली. थोरल्यानं धाकट्याचं ऐकलं. मूठ सैल केली आन दोर सरकू दिला. वर विश्वंभराच्या हातात दोर ढिला झाला. लोंबायला लागला. थोरला खालून बघत होता, धाकटा त्या ढिल्या दोराकडं नुसता बघत राहिला. वारा होता, दोर हलत होता. पुढच्या खांबावरचा माणूस ओरडला, "ओ विशंभर, येऊ द्या की!" तरी तो बघतच होता. मग त्यानं दोर दोन बोटांनी धरून हळूच ओढून बघितला, जसं झोपलेल्याला उठवतात. खालून थोरल्यानं ओढला. वरून त्यानं परत एकदा ओढला. थोरल्यानं परत.

मग काम झालं. वेटोळं उतरलं, वायर खांबाखांबानं सरकत बाजाराकडं गेली, प्रियंकानं बँकेसमोर आणलेल्या कॉटवर चादर टाकून त्यावर मशीन मांडलं आन काच जोडली. "आली लाईट," ती म्हणली, आन बँकेच्या दारातले लोक टाळ्या वाजवायला लागले, जसं काय तिनं ती घरून आणली. रोडच्या आडवी तार आता जरा वर नेली आन जरा झोळ देऊन बांधली. प्रियंकानं सांगितलं तेवढाच.

साहेब विश्वंभराजवळ आला. "काहून काढली होतीस रे ती? खरं सांग."

"ढिली वायर बघवत न्हाई, साहेब."

साहेबानं कार्यालयाच्या खांबाकडं बघितलं आन खाली बघितलं.

"नवा ड्रम आला की सगळी वेटोळी परत घालायची," मग म्हणला. "प्रत्येक जागेवर. होती तशी."

"घालतो. कधी? लाईनवरून सुटल्यावर?"

"लाईनवर कुठं चाललास? ती घालेस्तोवर तू इथंच."

"आन घातल्यावर?"

"घातल्यावर ती सांभाळायला कुणी लागेल का नाही?"

विश्वंभर म्हणला, बरं. तेच बरं, मीठ आणायचं. पण त्याच्या खांद्यावरची साखळी त्यानं काढली आन गाडीच्या डिकीत ठेवली.

संध्याकाळी थोरला त्याच्याकडंच जेवायला बसला. अंगठ्याला हळद लावलेली. आशाबाई भाकरी टाकत होती आन दोघांच्या तोंडाकडं बघत होती.

"मग," थोरला म्हणला, "वर कसं वाटलं?"

"काय न्हाई."

"भ्या?"

"न्हाई."

"ग्यानोबा आठवला?"

विश्वंभरानं भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला, खाल्ला, पाणी प्याला.

"दोर जड होता," तो म्हणला.

थोरल्याला हसू आलं. "जड न्हाई तर काय! खाली कोण होतं? फुकटचं न्हाई हे वजन."

विश्वंभर बी हसला की काय, सांगता येत न्हाई. दिवा पाठीमागं होता. जेवण झाल्यावर बाजेवर आडवा झाला. बाज करकरली, दोरी सैल पडली होती. आशाबाई हातातलं ताट तसंच धरून थांबली, आता हे उठतील आन आवळायला बसतील म्हणून. तो उठला न्हाई. तसाच पडून राहिला, डोळे उघडे.

वेटोळी सगळी परत घालून झाली. कार्यालयाच्या खांबावरचं बी त्यानंच घातलं. कमलबाई आता बाजारला त्याच रोडनं जाते, खांबाखालून. वर बघत न्हाई. विश्वंभरबी अजून फार बोलत न्हाई, इचारलं तर कुठं काय म्हणतो.

परवा थोरल्याकडं साखऱ्याचे सोयरे आले होते. चहाच्या आधी रोडला नेलं. सोयऱ्यानं मान वर केली आन म्हणला, "अहो, वायर अशी लोंबती काहून ठेवली?"

"तुमाला न्हाई कळायचं," थोरला म्हणला. "लई अवघड काम असतं ते. आमच्या विशानं केलंय."